दोन कातळांमधला गेरू

वडगाव निंबाळकरच्या शिवारात विहीर पाडायला घेतली की जमिनीच्या पोटातले थर साधारण एका क्रमाने उघडे पडतात. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे गोटे मिसळलेला मुरूम, मग पहार लावली की सुटणारा मांजऱ्या, आणि त्याच्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. पाषाण फोडत खाली गेले की काही विहिरींत मध्येच एक तांबडा, चिकट थर लागतो. कुठे वीतभर, कुठे हातभर, कुठे त्याहून जाड. त्याला गेरू म्हणतात. विहीर पाडणाऱ्याला हा गेरू नको असतो. ओला झाला की तो फुगतो, वाळला की तडकतो, आणि त्याच्यावरच्या पाषाणाचा आधार सुटतो. म्हणून तेवढ्या उंचीला बांधकाम करून तो आवळून धरावा लागतो. त्याच्यातून पाणीही फारसे मिळत नाही. वरच्या खडकातून पाझरलेले पाणी त्याच्या माथ्यावर अडते आणि तिथून विहिरीत झिरपते, एवढाच त्याचा उपयोग.

हे पुस्तक या गेरूविषयी आहे. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाचे आजवर सर्वांत बारकाईने मोजलेले वय पाषाणातून मिळालेले नाही, ते गेरूतून मिळाले आहे. असे का झाले, ते वय कोणी आणि कसे मोजले, त्यावर कितपत विसंबावे, आणि शास्त्रज्ञांचे त्यावर अजून एकमत का नाही, हे बारामती-इंदापूरच्या वाचकाला त्याच्याच विहिरीच्या काठावर उभे राहून समजावे, अशी या लेखनामागची इच्छा आहे. भूशास्त्राची पुस्तके आपल्याकडे बहुधा हिमालयापासून सुरू होतात आणि दख्खनच्या वाट्याला ‘लाव्हारसापासून बनलेले पठार’ एवढे एक वाक्य येते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या घडामोडीचा अभ्यास करायला जगभरचे लोक सह्याद्रीत येतात, तिची ओळख इथल्या शाळेत एका वाक्यात उरकावी, हे मला पटत नाही.

आधी पाषाणाविषयी. तो अग्निजन्य खडक आहे, म्हणजे वितळलेला रस थिजून तयार झालेला. दख्खनचा रस एखाद्या उंच शंकूच्या तोंडातून उसळला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून तो वर आला आणि पातळ असल्यामुळे दूरवर पसरत गेला. एक प्रवाह थिजला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. आज हा बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे: महाराष्ट्राचा बहुतेक भाग, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आणि तेलंगणाचे तुकडे. मूळचे क्षेत्र याहून मोठे होते. पश्चिमेचा बराच भाग अरबी समुद्राखाली आहे. एकेका प्रवाहाचा माथा बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो आणि त्या छिद्रांत पुढे पांढरी-हिरवी खनिजे भरतात. तोच आपला मांजऱ्या. प्रवाहाचा गाभा सावकाश थिजतो आणि घट्ट होतो. तो काळा पाषाण. दोन प्रवाहांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या प्रवाहाचा माथा पावसा-उन्हाने कुजतो, त्याची माती होते, त्यावर दूरची धूळ आणि ज्वालामुखीची राख येऊन बसते. मग पुढचा तापलेला प्रवाह येऊन तिला झाकून टाकतो, आणि लोहाच्या गंजाने ती तांबडी दिसते. गेरू म्हणजे विश्रांतीच्या काळाची नोंद. पाषाण पडायला थोडा काळ लागला, गेरू व्हायला फार.

वय मोजण्याचा पहिला सरळ विचार पाषाणच मोजण्याचा होता, आणि तो अनेक दशके चालला. बेसॉल्टमध्ये थोडे पोटॅशियम असते. त्याचा एक किरणोत्सारी प्रकार हळूहळू अरगॉन वायूत बदलतो. खडकात अडकलेला अरगॉन मोजला की वय निघते. अडचण अशी की अरगॉन हा वायू आहे. खडक जरा कुजला, त्यात पाणी शिरले, तो पुन्हा तापला, तर अरगॉन निसटतो आणि खडक आहे त्यापेक्षा तरुण दिसतो. कधी मूळचाच जादा अरगॉन अडकून राहिला तर उलट होते. जुन्या मापनांत दख्खनचे वय कुठे तीन कोटी वर्षे, कुठे दहा कोटी असे विखुरलेले निघत होते. ती मापने करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपला खडक कुजण्यात पटाईत आहे, आणि त्या कुजण्यानेच आपली काळी जमीन तयार झाली. पुढे अरगॉनची पद्धत खूप सुधारली. १९८६ ते १९८८ या काळात व्हिन्सेंट कूर्तिलो आणि त्यांचे सहकारी, तसेच रॉबर्ट डंकन आणि डग्लस पाइल, यांनी दाखवून दिले की या लाव्ह्याचा मोठा भाग फार थोड्या काळात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला. डायनोसॉर नाहीसे झाले तो काळ हाच. तेव्हापासून दख्खनच्या वयाला जागतिक महत्त्व आले.

कारण त्याच काळात, १९८० साली, लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा पुरावा मांडला होता. डायनोसॉरयुगाच्या शेवटच्या थरात इरिडियम हा पृथ्वीवर विरळा असलेला धातू त्यांना अवाजवी प्रमाणात सापडला, आणि त्यावरून त्यांनी आकाशातून काहीतरी प्रचंड येऊन आदळले असे म्हटले. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाखालचे चिक्सुलुब हे विवर पुढे त्या आघाताची जागा म्हणून ओळखले गेले. मग प्रश्न उभा राहिला: जीवसृष्टी कोणी संपवली, त्या आघाताने की दख्खनच्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंनी? लाव्हा आघाताच्या आधीचा की नंतरचा, हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. आणि इथे ‘सुमारे साडेसहा कोटी’ हे उत्तर पुरत नाही. साडेसहा कोटींच्या मोजमापात एक टक्का चूक झाली तरी ती साडेसहा लाख वर्षांची होते, आणि अख्ख्या लाव्हाकाळाचा मुख्य भाग जवळपास तेवढाच आहे. म्हणजे एक टक्क्याच्या चुकीत सगळा वादच बुडून जातो. हवे होते ते हजारात अर्ध्या भागाइतके अचूक मापन.

तेवढी अचूकता झिरकॉन देतो.

झिरकॉन हे झिरकोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे खनिज. त्याचे स्फटिक बहुधा इतके बारीक असतात की चिमटीत धरता येत नाहीत. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा स्फटिक चांगला मोठा समजावा. पण काटकपणात त्याच्या तोडीची खनिजे थोडी. तो क्वार्ट्झपेक्षा कठीण आहे, साध्या आम्लांना दाद देत नाही, नदीत घासून संपत नाही. ज्या खडकात जन्मला तो खडक कुजून नाहीसा झाला तरी झिरकॉन उरतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये ४४० कोटी वर्षे वयाचा झिरकॉन सापडला आहे, आणि आपल्या देशात ओडिशातल्या चंपुआजवळच्या खडकात सुमारे ४२४ कोटी वर्षांचा. त्यांना जन्म देणारे मूळ खडक आज कुठेच नाहीत.

कालमापनाला उपयोगी पडतो तो त्याचा आणखी एक गुण. स्फटिक वाढत असताना झिरकोनियमच्या जागी युरेनियमचा अणू त्यात सहज बसतो, शिशाचा मात्र बसत नाही; आकार जुळत नाही आणि विद्युतभारही जुळत नाही. म्हणून झिरकॉन जन्मतो तेव्हा त्यात युरेनियम असते, शिसे जवळपास नसते. पुढे युरेनियम आपल्या ठरलेल्या गतीने शिशात बदलत जाते. आज स्फटिकात जे शिसे सापडते ते जन्मानंतर तिथेच तयार झालेले. शिसे किती, युरेनियम किती, हे मोजले की वय निघाले. उष्णता किंवा दाब यांनी ही गती बदलत नाही, म्हणून हिशोबाचा पाया भक्कम आहे.

त्यात एक दुहेरी सोय आहे, आणि मला ती या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. युरेनियम दोन प्रकारचे असते. युरेनियम-२३८ निम्मे उरायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात आणि त्याचे शिसे-२०६ होते. युरेनियम-२३५ निम्मे उरायला सुमारे ७० कोटी वर्षे लागतात आणि त्याचे शिसे-२०७ होते. एकाच कणात दोन स्वतंत्र हिशोब चालू असतात, दोघांची गती वेगळी. दख्खनच्या वयाएवढ्या काळात पहिल्या प्रकारच्या शंभर अणूंपैकी जेमतेम एक बदलतो, दुसऱ्या प्रकारच्या शंभरांपैकी सहा. दोन्ही हिशोबांतून एकच वय निघाले तर स्फटिकाने काही गमावलेले नाही असे समजावे. वेगवेगळी वये निघाली तर मधल्या काळात त्यातून शिसे निसटले किंवा त्यात जुना गाभा दडलेला आहे. जॉर्ज वेदरिल यांनी १९५६ साली ही पडताळणी आलेखावर कशी करायची ते दाखवले. खोटे वय स्वतःहून खोटे असल्याचे सांगेल, अशी सोय फार थोड्या मापनपद्धतींत असते.

मग सरळ बेसॉल्टमधून झिरकॉन का काढला नाही? कारण बहुतेक बेसॉल्टमध्ये तो नसतोच. झिरकॉन तयार व्हायला रसात सिलिका भरपूर हवी आणि रस जरा थंड हवा. दख्खनच्या रसात सिलिका सुमारे निम्मी आणि तापमान हजार अंशांच्या वर. अशा रसात झिरकोनियम विरघळूनच राहते आणि रस थिजला की इतर खनिजांत विखुरले जाते. एखाद्या जाड प्रवाहाच्या गाभ्यात अगदी शेवटी उरलेला, सिलिकाने घट्ट झालेला रस शिरांमध्ये साठतो; तिथे क्वचित झिरकॉन मिळतो. ग्रॅनाइट मोजणाऱ्याला ही अडचण येत नाही. त्याच्या खडकात झिरकॉन हमखास असतो. आपल्या पाषाणाने मात्र या पद्धतीला दारातच अडवून धरले होते.

मार्ग निघाला तो गेरूतून. दख्खनच्या शांत काळातही कुठेतरी सिलिकायुक्त, स्फोटक ज्वालामुखी जागे होते. त्यांची राख वाऱ्याबरोबर येऊन उघड्या लाव्ह्यावर पडली आणि गेरूत मिसळली. राखेतली काच केव्हाच कुजून माती झाली, झिरकॉन तेवढे उरले. राख पडली ती खालचा प्रवाह थिजल्यानंतर आणि वरचा येण्याआधी. म्हणून गेरूतल्या झिरकॉनचे वय कळले की दोन पाषाणांच्या मधला क्षण कळतो. असे अनेक गेरू एकाखाली एक मोजले की सगळ्या रांगेचा कालक्रम लागतो.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. त्यांच्यात गेर्टा केलर, थिएरी अदात, सॅम्युएल बाउरिंग होते, आणि अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाचे सय्यद खादरीही होते. त्यांना घाटातल्या थरांची रांग नव्याने शोधावी लागली नाही, कारण ती आधीच लावलेली होती. १९८०च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि कीथ कॉक्स, पीटर हूपर यांच्यासारखे परदेशी अभ्यासक घाट चढत-उतरत प्रत्येक प्रवाहाचे रसायन तपासत होते. त्यातून सह्याद्रीतल्या बेसॉल्टची गटवार मांडणी झाली. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावे आज जगातल्या भूशास्त्राच्या नियतकालिकांत रोज छापली जातात. बारामतीहून पश्चिमेला पाहिले तर याच मांडणीची वरची पाने सह्याद्रीच्या कड्यांत एकावर एक रचलेली आहेत.

प्रयोगशाळेतले काम थोडे जवळून पाहू, कारण संख्येमागचे कष्ट दिसले नाहीत तर ती नुसती पाठ होते. काही किलो गेरू खरडून आणायचा. पाण्यात भिजवून चिकणमाती वाहून जाऊ द्यायची. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी ज्या तत्त्वावर काम करतात त्याच तत्त्वावर इथे काम चालते: जड ते तळाला, हलके ते वाहून जाणार. उरलेल्या वाळूतून चुंबकाने लोहयुक्त कण बाजूला होतात. मग ती वाळू पाण्याच्या तिपटीहून जड अशा द्रवात टाकतात. बहुतेक खनिजे तरंगतात, झिरकॉन बुडतो. तळाशी जे उरते ते सूक्ष्मदर्शकाखाली पसरून सुईने एकेक कण निवडायचा. लांबट, कडा धारदार, बिनखरचट्याचा स्फटिक राखेबरोबर आलेला असण्याची शक्यता जास्त. गोलसर, घासलेला कण दूरच्या जुन्या खडकातून वाहत आलेला असू शकतो. अनेक गेरूंत एवढे करूनही झिरकॉन मिळतच नाही आणि नमुना बाजूला ठेवावा लागतो.

निवडलेले स्फटिक सुमारे ९०० अंशांवर दोन-अडीच दिवस भट्टीत ठेवतात. मग ते हायड्रोफ्लुओरिक आम्लात काही तास तापवतात. झिरकॉनचे जे भाग किरणोत्साराने खिळखिळे झालेले असतात, जिथून शिसे निसटले असण्याची शक्यता असते, ते विरघळून जातात आणि निर्दोष गाभा उरतो. जेम्स मॅटिन्सन यांनी २००५ साली रूढ केलेल्या या पायरीने झिरकॉनच्या मापनात क्रांती केली. उरलेला गाभा पूर्ण विरघळवून त्यात ज्ञात प्रमाणातले युरेनियम आणि शिसे घालतात, दोन्ही मूलद्रव्ये वेगळी करतात आणि रेनियमच्या तारेवर तो थेंब वाळवून वस्तुमानमापकात त्यांचे अणू मोजतात. एका कणातले शिसे ग्रॅमच्या अब्जांश भागाच्याही खूप खालचे असते. प्रयोगशाळेच्या हवेतले, हातमोज्यावरचे, आम्लातले शिसे त्यात मिसळले तर सगळे व्यर्थ.

शिशाच्या या उपद्रवाचा इतिहास मला नेहमी विचारात पाडतो. १९४०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांनी दोन विद्यार्थ्यांना झिरकॉनचेच काम दिले. जॉर्ज टिल्टन यांनी युरेनियम मोजायचे, क्लेअर पॅटरसन यांनी शिसे. टिल्टन यांचे आकडे जुळत गेले. पॅटरसन यांना दर वेळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त शिसे सापडे. ते स्फटिकातले नव्हते. ते खोलीतले, धुळीतले, नळाच्या पाण्यातले होते. पॅटरसन यांनी त्या शिशाचा पिच्छा पुरवला, अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली, आणि १९५६ साली उल्कापाषाणांतल्या शिशावरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. ते तिथेच थांबले नाहीत. हे शिसे हवेत येते कुठून याचा शोध घेताना ते पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शिशापर्यंत पोचले आणि त्या उद्योगाशी अनेक वर्षे झगडले. अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोल हटले त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. भारतात ते २००० साली बंद झाले. दगडाचे वय नीट मोजायचे म्हणून सुरू झालेल्या आग्रहाने लहान मुलांच्या रक्तातले शिसे कमी झाले. मूलभूत विज्ञानाचा उपयोग काय, असे जे विचारतात त्यांनी पॅटरसन यांचे चरित्र वाचावे.

आता निकाल. शोन यांच्या गटाने २०१५ साली ‘सायन्स’मध्ये पहिली वये प्रसिद्ध केली. घाटातल्या रांगेच्या तळाशी, जव्हार गटात, ६ कोटी ६२ लाख ८८ हजार वर्षे, मागेपुढे २७ हजार. माथ्याजवळ, महाबळेश्वर गटात, ६ कोटी ५५ लाख ५२ हजार, मागेपुढे २६ हजार. म्हणजे ११ लाख घन किलोमीटरहून अधिक लाव्हा सुमारे साडेसात लाख वर्षांत बाहेर पडला, आणि मुख्य उद्रेक डायनोसॉरयुग संपण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला. हे आकडे कल्पनेत बसवायचे तर असे करावे: एवढा लाव्हा आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळावर सारखा पसरला तर त्याची जाडी साडेतीन किलोमीटर होईल. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त.

२०१९ साली आणखी गेरू मोजून त्याच गटाने सांगितले की उद्रेक एकसारखा नव्हता. चार मोठे भर होते आणि त्यांच्या मध्ये तुलनेने शांत काळ. त्यांतला एक भर उल्का आदळण्याच्या काही दहा हजार वर्षे आधी सुरू झाला. ‘सायन्स’च्या त्याच अंकात कोर्टनी स्प्रेन, पॉल रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख होता, आयआयटी मुंबईचे कांचन पांडे त्यांच्यात होते. त्यांनी झिरकॉनऐवजी खुद्द बेसॉल्टमधल्या प्लाजिओक्लेज या खनिजावर, अरगॉनच्या सुधारलेल्या पद्धतीने काम केले होते. त्यांना असे वेगळे भर दिसले नाहीत; त्यांच्या हिशोबाने सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतर आला. वाद विशेषतः पोलादपूर गटापाशी अडतो. तो लाव्हा आघाताच्या आधीचा असेल तर जीवसृष्टीच्या ऱ्हासात त्याचा हात मोठा; नंतरचा असेल तर नाही.

दोन्ही गट प्रामाणिक आहेत, दोघांचे नमुने आपल्याच घाटांतले आहेत, आणि दोघांच्या पद्धतींच्या मर्यादा वेगळ्या आहेत. अरगॉनवाले थेट पाषाण मोजतात, पण त्यांच्या मापनातली मागेपुढे होणारी वर्षे जास्त. झिरकॉनवाल्यांची संख्या बारीक, पण ती संख्या नेमकी कशाची, हा प्रश्न उरतो. झिरकॉन राख उधळली त्या दिवशी जन्मत नाही. तो जमिनीखालच्या रसात हजारो वर्षे आधी जन्मलेला असू शकतो. शिवाय गेरू ही माती आहे. तिच्यात जुन्या राखेतले कण पावसाने वाहून येऊ शकतात. म्हणून गेरूतल्या सर्वांत तरुण कणांवर भर द्यावा लागतो, आणि तरीही हाती येते ते ‘यापेक्षा जुने नाही’ अशा स्वरूपाचे उत्तर. माझे मत विचाराल तर दख्खनच्या एकूण कालावधीपुरता झिरकॉनचा निकाल पक्का आहे. चार भरांची गोष्ट मात्र मी अजून गृहीतक म्हणूनच वाचतो. तिला आधार देणारे गेरू अजून थोडे आहेत.

घाट सोडून पठारावर आलो की आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. झिरकॉनची वये बहुतेक सह्याद्रीच्या कड्यांवरची आहेत, कारण तिथे शेकडो मीटरची रांग एका रस्त्यावर उघडी मिळते. नीरेच्या काठी तसे कडे नाहीत. इथल्या प्रवाहांचे वय त्यांच्या रसायनावरून आणि त्यांच्यात गोठलेल्या चुंबकत्वाच्या दिशेवरून घाटातल्या गटांशी जुळवून काढतात. या चुंबकत्वाच्या अभ्यासातही मराठी नाव आहे. १९५९ साली डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या बेसॉल्टमधले प्राचीन चुंबकत्व मोजून प्रसिद्ध केले. हा लाव्हा थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे अशाच मोजमापांतून सिद्ध झाले.

या पाषाणाच्याही खाली काय आहे, ते कोयनेने सांगितले. १९६७च्या भूकंपानंतर तिथल्या जमिनीचा अभ्यास कधी थांबला नाही, आणि अलीकडे वैज्ञानिक हेतूने तिथे खोल विवरे पाडली गेली. एका विवरात सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटसारखा खडक लागला. त्यात झिरकॉन होतेच. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते मोजले, तेव्हा वय २५० कोटी वर्षांच्या पलीकडचे निघाले. काळ्या पाषाणाच्या तळाला हात लागला की एकदम काळाची चाळीस पट उडी. मधल्या अवधीत त्या जागी काय घडले याची नोंद तिथे उरलेली नाही.

आणि काळाच्या दुसऱ्या टोकाचा प्रश्न तर खुद्द बारामती तालुक्यात आहे. मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की तिथे कऱ्हेच्या काठच्या गाळात ज्वालामुखीची राख आहे. ती दख्खनची नाही. दख्खन थंड होऊन तोवर कोट्यवधी वर्षे लोटली होती. ती तीन हजार किलोमीटरहून दूर, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून वाऱ्यावर आली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा, सुषमा देव आणि शरद राजगुरू यांच्यासारख्या अभ्यासकांनी मोरगावला उत्खनन केले आणि तिथल्या आदिमानवाच्या दगडी हत्यारांचा अभ्यास केला. तशीच राख जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी आहे. राखेचे वय कळले तर हत्यारांचे कळेल, म्हणून ती मोजणे सुरू झाले. बोरीच्या राखेचे पहिले वय १४ लाख वर्षे आले, नंतरच्या मापनात ६ लाख ७० हजार. १९९८ साली जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी राखेतली काच तपासून द्वीपकल्पातली अशी सगळी राख टोबाच्या शेवटच्या महाउद्रेकाची, म्हणजे ७५ हजार वर्षांपूर्वीची, असे म्हटले. २००७ साली सतीश सांगोडे आणि सहकाऱ्यांना बोरी आणि मोरगाव इथल्या गाळात उलट्या दिशेचे चुंबकत्व सापडले. तसे असेल तर तो गाळ किमान ७ लाख ८० हजार वर्षांचा ठरतो. फरक दहापटीचा आहे. महाराष्ट्रात माणूस केव्हापासून वावरतो आहे, याचे उत्तर त्या फरकात अडकले आहे.

झिरकॉनने हा निवाडा करावा अशी साहजिक अपेक्षा असते. ती इथे सहज पुरी होत नाही. ७५ हजार वर्षांत युरेनियम-२३८च्या लाख अणूंपैकी जेमतेम एक शिशात बदलतो. मोजायला शिसेच नसते. अशा तरुण कणांसाठी युरेनियम आणि शिसे यांच्या मधल्या पायरीवरचे थोरियम मोजणारी वेगळी पद्धत वापरतात. टोबाचे स्फटिक तर उद्रेकाआधी फार मोठा काळ रसात वाढत होते, हे त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांच्या वयांतल्या फरकावरून दिसले आहे. आणि इतक्या दूर वाऱ्यावर आलेल्या राखेत जड झिरकॉन फार थोडे आणि फार बारीक. दख्खनला जे साधन चोख लागू पडले, ते बारामती तालुक्यातल्या मोरगावला अपुरे पडते. कुठल्या दगडाला कुठले माप लावावे हे ठरवणे ही या शास्त्रातली निम्मी विद्या आहे.

पुस्तकाची रचना त्यामुळे थोडी असमान झाली आहे. गेरूच्या प्रकरणांना सर्वांत जास्त पाने दिली आहेत, ग्रॅनाइटला कमी; तिथली पद्धत सरळ आहे आणि तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. गणिताची भीती वाटणाऱ्या वाचकाने चौथे प्रकरण सोडून पुढे गेले तरी चालेल, पण आकडेवारीचा तक्ता सोडू नये. तिथे प्रत्येक वयापुढे त्याची मागेपुढे होणारी वर्षे, ते कुठल्या खनिजावर मोजले ते, आणि नमुना कुठल्या गटातला ते दिले आहे. दोन वयांची तुलना करण्याआधी त्या तिन्ही रकान्यांवर नजर टाकावी. मोरगावच्या ओळी त्यात एकाखाली एक, सगळ्या मापनांसह छापल्या आहेत. मी त्यांतली कुठलीही गाळलेली नाही.